सत्यवादी आणि खोटारडे यांची कोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कोड्यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, तिरपागडे नंतर. कोड्यातल्या माणसांना अ, ब, क अशी नावं आहेत. एका उत्तराचा आधार दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरण आलं की पुढचं वाचण्याआधी मिनिटभर स्वतः डोकं लावून पाहा. उत्तर लगेच पुढच्याच ओळीत असतं, तेव्हा डोळ्यांना जरा आवर घालावा लागेल.

१. या कोड्यांचे नियम नेमके काय असतात?

एक बेट असतं. तिथला प्रत्येक माणूस दोनपैकी एका प्रकारचा असतो: सत्यवादी किंवा खोटारडा. सत्यवादी बोलेल ते खरंच असतं आणि खोटारडा बोलेल ते खोटंच असतं. दिसायला दोघे सारखेच. त्यांचं बोलणं ऐकून कोण कोणता ते आपण ठरवायचं.

शिवाय कोड्यात सहसा न लिहिलेले तीन नियम असतात, आणि पुष्कळ वाद तिथेच होतात. बेटावरच्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचा प्रकार ठाऊक असतो. कोणाचाही गैरसमज झालेला नसतो. खोटारडासुद्धा खरं काय ते जाणूनच खोटं बोलतो. आणि कोणी आपला प्रकार बदलत नाही. यातला एखादा नियम मोडला की कोडं वेगळ्याच जातीचं होतं. अशी कोडी प्रश्न १२, १३ आणि १४ मध्ये आहेत.

या प्रकाराला आजचं रूप दिलं अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (१९१९–२०१७) यांनी. १९७८ साली आलेल्या त्यांच्या कोड्यांच्या पुस्तकापासून त्यांच्या बेटावरचे ‘नाइट’ (सत्यवादी) आणि ‘नेव्ह’ (खोटारडे) जगभर ओळखीचे झाले.

२. खोटारड्याच्या बोलण्यात थोडंसं खरं असू शकतं का?

वाक्यात असू शकतं, अख्खं वाक्य मात्र खरं असू शकत नाही. खोटारडा म्हणाला, “मी खोटारडा आहे आणि आज पाऊस पडतोय”, तर पहिला तुकडा खराच आहे. पण पाऊस पडत नसेल तर सबंध वाक्य खोटं ठरतं, म्हणून त्याला ते बोलता येतं. खरं-खोटं ठरतं ते पूर्ण वाक्याचं. ही एक गोष्ट पक्की बसली की प्रश्न ५ आणि ७ मधला गोंधळ बराचसा आपोआप मिटतो.

३. कोडं वाचलं की डोकंच बंद पडतं. सुरुवात कुठून करायची?

एका माणसाला धरा. तो सत्यवादी आहे असं मानून पुढे जा. विसंगती आली तर तो खोटारडा. नाही आली, तर तो खोटारडा आहे असं मानूनही पडताळा घ्या. दुसरी पायरी लोक गाळतात. पहिलं गृहीतक जुळलं की हुश्श करून थांबतात, आणि दुसरंही जुळत होतं हे त्यांना कळतच नाही.

अ म्हणतो, “आम्हा दोघांत निदान एक खोटारडा आहे.” ब गप्प आहे.

अ खोटारडा आहे असं माना. मग दोघांत निदान एक खोटारडा आहेच, तो स्वतःच. म्हणजे त्याचं वाक्य खरं झालं, आणि खोटारडा खरं बोलू शकत नाही. गृहीतक मोडलं. तेव्हा अ सत्यवादी. त्याचं वाक्य खरं, म्हणजे दोघांत एक खोटारडा आहे. तो अ नाही, म्हणून तो ब. तोंडातून एक शब्द न काढता ब पकडला गेला.

कोणाला आधी धरायचं? जो स्वतःबद्दल किंवा “आमच्याबद्दल” बोलतो त्याला. स्वतःला धरून केलेलं वाक्य खरं की खोटं हे बोलणाऱ्याच्या प्रकारावर अवलंबून असतं, म्हणून गाठ तिथेच लवकर सुटते. जो फक्त दुसऱ्यांविषयी बोलतो त्याला शेवटी ठेवा.

४. “मी खोटारडा आहे” असं बेटावर कोण म्हणू शकतं?

कोणीच नाही. सत्यवादी म्हणाला तर ते खोटं ठरेल, खोटारडा म्हणाला तर खरं ठरेल. उलट “मी सत्यवादी आहे” हे दोघेही म्हणतात, म्हणून त्यातून काडीचीही माहिती मिळत नाही.

यातून एक फुकटची किल्ली मिळते. ब सांगतोय, “काल अ मला म्हणाला, ‘मी खोटारडा आहे.’” अ तसं म्हणालेलाच नसणार. म्हणून ब खोटारडा, पुढचं काहीही न ऐकता. अ चा प्रकार मात्र यातून कळत नाही.

याच घराण्यातल्या आणखी दोन किल्ल्या पाठ असाव्यात. अ म्हणाला, “ब आणि मी एकाच प्रकारचे आहोत”, तर ब नक्की सत्यवादी. अ म्हणाला, “ब माझ्याहून वेगळ्या प्रकारचा आहे”, तर ब नक्की खोटारडा. दोन्हीत अ स्वतः कोण हे गुलदस्त्यातच राहतं. पडताळा प्रश्न ३ च्या पद्धतीने घ्या; चार ओळींचं काम आहे.

५. “सगळे खोटारडे आहेत” हे खोटं असेल, तर सगळे सत्यवादी ना?

नाही. या कोड्यांतल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे असं माझं मत आहे. माणसं तर्कात कमी पडतात असं मला वाटत नाही. ती नकार करताना घाई करतात.

“सगळे खोटारडे आहेत” हे खोटं पाडायला एक सत्यवादी पुरतो. म्हणून त्याचा नकार: निदान एक सत्यवादी आहे. “निदान एक खोटारडा आहे” हे खोटं पाडायला मात्र एकही खोटारडा असून चालत नाही. म्हणून त्याचा नकार: सगळे सत्यवादी आहेत. “अमुक आणि तमुक” खोटं, म्हणजे दोन्हींतलं निदान एक खोटं. “अमुक किंवा तमुक” खोटं, म्हणजे दोन्ही खोटी. “नेमके दोन” खोटं, म्हणजे दोनाहून कमी किंवा दोनाहून जास्त. लोक यातली एकच बाजू धरतात.

आता हे पाहा. अ म्हणतो, “आम्ही दोघेही खोटारडे आहोत.” सत्यवादी असं म्हणू शकत नाही, म्हणून अ खोटारडा. इथवर सगळे पोचतात. मग पुष्कळ जण लिहितात: “वाक्य खोटं, म्हणजे दोघेही सत्यवादी.” आणि अडकतात, कारण अ तर खोटारडा निघालाय. बरोबर नकार असा: दोघांत निदान एक सत्यवादी आहे. तो अ नाही. म्हणून ब सत्यवादी.

सवय लावायची तर एक करा. खोटारड्याचं वाक्य सापडलं की त्याच्या पुढे “असं नाही की” जोडून ते मोठ्याने म्हणा, आणि मगच सोप्या भाषेत उतरवा. “असं नाही की दोघेही खोटारडे आहेत.” कानाला लगेच कळतं की यात दोघांनाही सत्यवादी ठरवलेलं नाही.

६. “किंवा” म्हटलं की दोन्ही चालतात की एकच?

कोड्यात वेगळं सांगितलं नसेल तर दोन्ही चालतात. “अ किंवा ब” म्हणजे निदान एक. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण उत्तर बदलतो.

अ म्हणतो, “मी खोटारडा आहे किंवा ब सत्यवादी आहे.” दोन्ही चालतात असं धरलं, तर अ खोटारडा असताना पहिला तुकडा खरा ठरून वाक्य खरं होतं, आणि ते जमत नाही. म्हणून अ सत्यवादी, आणि पहिला तुकडा खोटा असल्यामुळे दुसरा खरा: ब ही सत्यवादी. आता “दोन्हींपैकी नेमकं एकच” असा अर्थ घ्या. अ सत्यवादी आणि ब सत्यवादी हे जुळतंच, पण अ खोटारडा आणि ब सत्यवादी हेही जुळतं: दोन्ही तुकडे खरे, म्हणजे “नेमकं एकच” हे खोटं, आणि खोटारडा खोटं बोलला. ब कळला, अ निसटला.

७. एकच गोष्ट “आणि”ने जोडून सांगितली किंवा दोन वाक्यांत सांगितली, तर फरक पडतो का?

सत्यवाद्याच्या तोंडी अजिबात नाही. खोटारड्याच्या तोंडी जमीन-अस्मानाचा.

दोन सुटी वाक्यं बोलणाऱ्या खोटारड्याची दोन्ही वाक्यं खोटी असावी लागतात. “आणि”ने जोडलेल्या एका वाक्यात एक तुकडा खोटा असला तरी भागतं. म्हणून “मी खोटारडा आहे. ब खोटारडा आहे.” हे बेटावर कोणालाच बोलता येत नाही; पहिल्या पूर्णविरामालाच प्रश्न ४ आडवा येतो. “मी आणि ब, दोघेही खोटारडे आहोत” हे मात्र खोटारडा खुशाल बोलतो, जसं प्रश्न ५ मध्ये बोलला.

कोडं तोंडी सांगताना हा पूर्णविराम हरवतो. सांगणाऱ्याने “आणि” घातला की थांबला, हे विचारून घ्या. तुमचं उत्तर आणि छापलेलं उत्तर जुळत नसेल तर आधी इथे शंका घ्या.

८. “जर मी सत्यवादी असेन, तर ब सत्यवादी आहे” याचं काय करायचं?

तर्कशास्त्रात “जर-तर” एकाच परिस्थितीत खोटं ठरतं: “जर” खरं आणि “तर” खोटं. “जर” मुळात खोटं असेल, तर वाक्य खरंच धरतात, पुढे काहीही असो. रोजच्या बोलण्याला हे खटकतं, कबूल आहे. पण कोड्यांत हाच नियम चालतो.

आता अ खोटारडा आहे असं माना. मग “जर मी सत्यवादी असेन” हा भाग खोटा, म्हणून सबंध वाक्य खरं. खोटारडा खरं बोलला, विसंगती. म्हणून अ सत्यवादी, वाक्य खरं, “जर” खरं, म्हणून “तर” ही खरं. दोघेही सत्यवादी. प्रश्न ६ मधल्या पहिल्या अर्थाच्या वाक्याचंही उत्तर हेच होतं, कारण ती दोन्ही वाक्यं मुळात एकच आहेत.

आता ब च्या जागी काहीही ठेवून पाहा. “जर मी सत्यवादी असेन, तर या बेटावर सोनं पुरलंय.” कोणी असं म्हणालं की सोनं आहेच. “तर दोन आणि दोन पाच” असं मात्र बेटावर कोणालाही म्हणता येत नाही. बेटाबाहेर, जिथे कोणतंही वाक्य बोलता येतं, तिथे यातूनच खरा पेच उभा राहतो. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाने तो १९४२ मध्ये मांडला आणि आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

खोटारडा “जर-तर” बोलला तर खजिनाच मिळतो. क खोटारडा आहे हे आधीच कळलंय आणि तो म्हणतो, “जर अ सत्यवादी असेल तर ब खोटारडा आहे.” वाक्य खोटं, म्हणजे “जर” खरं आणि “तर” खोटं: अ आणि ब दोघेही सत्यवादी. एका दगडात दोन पक्षी.

९. आठ-दहा जण एकमेकांवर आरोप करतात अशी कोडी हाताने कशी सोडवायची?

सगळ्या शक्यतांचा तक्ता मांडू नका. दहा जणांचा तक्ता १,०२४ ओळींचा होतो.

त्याऐवजी आरोपांचं गणित करा. “ब खोटारडा आहे” असं अ म्हणाला, तर अ आणि ब भिन्न प्रकारचे. “ब सत्यवादी आहे” असं म्हणाला, तर दोघे एकाच प्रकारचे. बस, एवढंच. एका माणसाचा प्रकार धरून साखळीने पुढे सरका: आरोप आला की बाजू पालटा, शिफारस आली की तीच ठेवा. साखळी फिरून पहिल्यापाशी आली तर वाटेतले आरोप मोजा. सम असतील तर जमतं, विषम असतील तर अशी साखळी बेटावर असूच शकत नाही. सात जण गोल बसलेत आणि प्रत्येक जण उजवीकडच्याला खोटारडा म्हणतोय, असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यावर संशय घ्या. सहा जण असतील तर एकाआड एक सत्यवादी.

मोजणीच्या वाक्यांना वेगळी युक्ती लागते. चौघे आहेत. अ: “आमच्यात नेमका एक खोटारडा आहे.” ब: “नेमके दोन.” क: “नेमके तीन.” ड: “चौघेही.” ही वाक्यं एकमेकांना छेद देतात, म्हणून फार तर एक खरं. एकही खरं नसेल तर चौघेही खोटारडे, पण मग ड खरं बोलला. म्हणून नेमकं एक खरं, खोटारडे तीन, आणि सत्यवादी क.

१०. मला दोन उत्तरं मिळाली. किंवा एकही मिळालं नाही. माझं चुकलं का?

कदाचित कोडंच चुकलंय. अ म्हणतो “ब सत्यवादी आहे”, ब म्हणतो “अ सत्यवादी आहे”: दोघेही सत्यवादी किंवा दोघेही खोटारडे, दोन्ही जुळतं. आणखी माहितीशिवाय हे सुटणार नाही. अ म्हणतो “ब खोटारडा आहे”, ब म्हणतो “अ सत्यवादी आहे”: एकही उत्तर जुळत नाही, कारण साखळीत एकच आरोप आहे (प्रश्न ९).

कधी कधी दोन उत्तरं हेच अपेक्षित असतं: “ब कोण ते सांगा” एवढंच विचारलेलं असतं आणि अ काहीही असला तरी ब तोच निघतो. प्रश्न पुन्हा नीट वाचा. सगळ्यांचे प्रकार शोधायला सांगितलेत, असं आपण उगाच धरून चालतो.

११. दोन वाटा, एक माणूस, एकच प्रश्न. हे कोडं कसं सुटतं?

फाट्यावर दोन पहारेकरी, एक सत्यवादी, एक खोटारडा. कोण कोणता ते माहीत नाही. एकाच पहारेकऱ्याला हो-नाहीचा एकच प्रश्न विचारून गावाची वाट शोधायची. प्रसिद्ध उत्तर: “डावी वाट गावाला जाते का, असं तुझ्या सोबत्याला विचारलं तर तो हो म्हणेल का?” उत्तर येईल त्याच्या उलट वागा. कोणालाही विचारलंत तरी बातमी एका सत्यवाद्याच्या आणि एका खोटारड्याच्या तोंडून येते, म्हणजे ती नेमकी एकदाच उलटते.

मला यापेक्षा पुढचं रूप आवडतं, कारण त्याला सोबती लागतच नाही. फाट्यावर एकटाच माणूस, प्रकार अज्ञात. विचारा: “डावी वाट गावाला जाते का, असं मी तुला विचारलं असतं, तर तू हो म्हणाला असतास का?” सत्यवादी सरळ उत्तर देतो. खोटारड्याचं पाहा. डावी वाट बरोबर असेल, तर मूळ प्रश्नाला तो “नाही” म्हणाला असता. “हो म्हणाला असतास का?” याचं खरं उत्तर “नाही”, म्हणून तो खोटं बोलून “हो” म्हणतो. दोनदा उलटलेली बातमी सुलटी होते. “हो” आलं की डावीकडे वळा, माणूस कोणीही असो.

या कोड्यांचं सगळं बळ यातच आहे: जो नेहमी खोटं बोलतो तो सत्यवाद्याइतकाच भरवशाचा असतो.

१२. ठरावीक वारीच खोटं बोलणारा माणूस असेल तर?

मग “हा कोण?” याऐवजी “आज कोणता वार?” असा प्रश्न होतो. समजा, अ सोमवार, मंगळवार आणि बुधवारी खोटं बोलतो, एरवी खरं. तो म्हणतो, “काल मी खोटं बोललो.” खऱ्याच्या दिवशी हे खरं हवं: आज खरं, काल खोटं, म्हणजे गुरुवार. खोट्याच्या दिवशी हे खोटं हवं: आज खोटं, काल खरं, म्हणजे सोमवार. असं वाक्य नेहमी सीमेवरच्या वारांना पकडतं. “उद्या मी खोटं बोलेन” हे त्याच हिशेबाने रविवारी किंवा बुधवारी शक्य आहे.

ही दोन वाक्यं त्याने एकाच दिवशी सुटी सुटी म्हटली, तर असा वारच नाही. पण “काल मी खोटं बोललो आणि उद्याही बोलेन” असं एका दमात म्हटलं, तर तो सोमवार किंवा बुधवार असतो. मंगळवारी मात्र ते खरं ठरतं, म्हणून त्या दिवशी त्याची बोलती बंद. कारण प्रश्न ७ मधलंच.

१३. माणूस प्रामाणिक आहे, पण त्याचा समजच उलटा आहे. त्याला काय म्हणायचं?

स्मलियन यांनी यावर एक अख्खी दुनिया रचली: माणसं खरं बोलतात, रक्तपिपासू पिशाच्चं खोटं बोलतात, आणि दोन्हींत काही शहाणे, काही वेडे. वेड्यांचे सगळे समज उलटे असतात. त्यामुळे शहाणा माणूस आणि वेडं पिशाच्च यांच्या तोंडून खरं येतं. वेडा माणूस आणि शहाणं पिशाच्च यांच्या तोंडून खोटं.

गंमत अशी की “मी वेडा आहे” असं कोणी म्हणालं, तर तो वेडा आहे की नाही ते कळत नाही, पण तो पिशाच्च आहे हे कळतं. (वेड्या माणसाला आपण शहाणे आहोत असंच वाटतं आणि तो ते प्रामाणिकपणे सांगतो.) उलट “मी माणूस आहे” असं म्हणणारा माणूस असेलच असं नाही, पण तो शहाणा नक्की असतो. चारही जणांच्या तोंडी ही वाक्यं घालून पाहा.

१४. कधी खरं, कधी खोटं बोलणारा ‘लहरी’ कोड्यात आला तर काय बदलतं?

सगळंच. लहऱ्याच्या वाक्यातून काहीच निघत नाही, कारण ते खरंही असू शकतं आणि खोटंही. म्हणून प्रश्न ४ मधल्या किल्ल्या लागत नाहीत. “मी खोटारडा आहे” हेही आता लहरी बोलू शकतो. उपाय एकच: कोण कोण *असू शकत नाही* ते आधी काढा.

तिघांत एक सत्यवादी, एक खोटारडा, एक लहरी. अ: “मी लहरी आहे.” ब: “अ लहरी नाही.” क: “ब सत्यवादी आहे.”

अ सत्यवादी नाही, कारण सत्यवादी स्वतःला लहरी म्हणणार नाही. क सत्यवादी असेल तर त्याचं म्हणणं खरं धरून ब ही सत्यवादी ठरतो, आणि सत्यवादी तर एकच आहे. म्हणून क ही सत्यवादी नाही. उरला ब. तो सत्यवादी, म्हणून अ लहरी नाही. अ खोटारडा, क लहरी. क खरं बोलला याने बिचकू नका. लहऱ्याला त्याची मुभा आहे.

१५. “उत्तर काय आलं ते सांगितलं नाही, पण प्रवाशाला कळलं” अशी कोडी सोडवायची तरी कशी?

“कळलं” हीच माहिती आहे. प्रवाशाने अ ला विचारलं, “तू आणि ब, दोघेही सत्यवादी आहात का?” अ ने हो किंवा नाही म्हटलं आणि प्रवाशाला दोघांचेही प्रकार कळले.

उत्तर “हो” असतं तर? दोघेही सत्यवादी असू शकले असते, किंवा अ खोटारडा आणि ब कोणीही. प्रवासी अंधारातच राहिला असता. उत्तर “नाही” असतं तर? खोटारडा इथे “नाही” म्हणू शकत नाही, कारण ते खरं झालं असतं. म्हणून अ सत्यवादी आणि ब खोटारडा. प्रवाशाला कळलं, म्हणजे उत्तर “नाही” होतं. हा प्रकार मला सगळ्यांत देखणा वाटतो: न ऐकलेला शब्दसुद्धा शोधून काढता येतो.

१६. “हे वाक्य खोटं आहे” हेही असंच कोडं आहे का?

नातं आहे, पण ते कोडं नाही, पेच आहे. कोड्यात न जुळणारी शक्यता आपण खोडतो आणि एक उरते. इथे दोन्ही खोडल्या जातात. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या युबुलिडीस या ग्रीक विचारवंताच्या नावावर हा पेच सांगितला जातो.

“सगळे क्रीटवासी खोटारडे आहेत” असं क्रीटचाच एपिमेनिडीस म्हणाला, ही गोष्टही अनेक जण पेच म्हणून सांगतात. तो पेच नाही. त्याचं वाक्य खोटं मानलं की प्रश्न संपतो: एपिमेनिडीस खोटं बोलला, आणि क्रीटवर कोणीतरी सत्यवादी आहे. पुन्हा प्रश्न ५ मधला नकार.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त “सर्वं मिथ्या ब्रवीमि”, म्हणजे मी बोलतो ते सगळं खोटं, या वाक्याची दखल घेतली आहे. त्याचं म्हणणं असं की, असं बोलणाऱ्याला त्या “सगळ्यां”त हे वाक्य धरायचं नसतं. विसाव्या शतकात तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांनी वेगळी वाट काढली: एखाद्या भाषेतल्या वाक्यांचा खरे-खोटेपणा त्याच भाषेत न सांगता वरच्या पायरीवरच्या भाषेत सांगायचा. बेटावर मात्र असली सोय करावी लागत नाही. तिथे ते वाक्य कोणी बोलतच नाही.

१७. “जगातलं सर्वांत अवघड तर्ककोडं” म्हणतात ते कोणतं?

हे नाव अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोस यांनी १९९६ साली दिलं. तीन देव: एक सत्यवादी, एक खोटारडा, एक लहरी. त्यांना तुमची भाषा कळते, पण ते आपल्या भाषेत “दा” किंवा “जा” असं उत्तर देतात. त्यातला हो कोणता आणि नाही कोणता ते तुम्हाला ठाऊक नाही. तीन प्रश्नांत तिघांना ओळखा. एक प्रश्न एकाच देवाला. मूळ कोड्याचं श्रेय बूलोस यांनी स्मलियनना दिलं, आणि भाषेची मेख संगणकशास्त्रज्ञ जॉन मकार्थी यांची असल्याचं सांगितलं.

किल्ली प्रश्न ११ चीच. “अमुक खरं आहे का, असं विचारलं तर तू ‘दा’ म्हणशील का?” असं विचारलं की सत्यवादी असो वा खोटारडा, “दा” चा अर्थ हो असो वा नाही, “दा” आलं म्हणजे अमुक खरं आणि “जा” आलं म्हणजे खोटं. चारही शक्यता एकदा तपासून पाहा, म्हणजे विश्वास बसेल.

उरला लहरी. अ ला या साच्यात विचारा: ब लहरी आहे का? “दा” आलं, तर एक तर ब लहरी, नाही तर अ च लहरी. दोन्हीत क लहरी नाही. “जा” आलं तर तसंच, ब लहरी नाही. लहरी नसलेला एक देव हाती लागला की उरलेले दोन्ही प्रश्न त्यालाच, याच साच्यात विचारा: तू सत्यवादी आहेस का? अ लहरी आहे का? संपलं.

एक बारीक मेख आहे. लहरी देव मनात नाणं उडवून प्रत्येक वेळी खरं बोलायचं की खोटं ते ठरवतो, असं धरलं तर वरचा साचा त्यालाही लागू पडतो, कारण त्या क्षणापुरता तो सत्यवादी किंवा खोटारडाच असतो. कोडं अवघड ठेवायचं तर लहऱ्याने नाणं उडवून थेट “दा” किंवा “जा” म्हणायला हवं. ही गोष्ट ब्रायन राबर्न आणि लँडन राबर्न यांनी २००८ मध्ये दाखवून दिली.

१८. तेच कोडं दोन प्रश्नांत सुटतं असं ऐकलं. कसं शक्य आहे?

हिशेबाने शक्य वाटत नाही. तीन देवांच्या मांडण्या सहा होतात. हो-नाहीच्या दोन प्रश्नांतून चारच निकाल मिळतात. पण राबर्न द्वयीने तिसरा निकाल शोधला: उत्तरच न येणं.

सत्यवाद्याला विचारा, “या प्रश्नाला तू ‘नाही’ असं उत्तर देशील का?” “हो” म्हणाला तर ते खोटं ठरतं, कारण त्याने “नाही” म्हटलेलं नाही. “नाही” म्हणाला तर तेही खोटं, कारण त्याने “नाही” म्हटलंच. त्याला तोंड उघडता येत नाही. खोटारड्याला मात्र दोन्ही उत्तरं मोकळी आहेत. आता “या प्रश्नाला तू ‘हो’ असं उत्तर देशील का?” असं विचारा, आणि पारडं फिरतं: सत्यवाद्याला दोन्ही चालतात, खोटारडा अडकतो. गप्प बसणं हाही एक निकाल धरला की दोन प्रश्नांतून नऊ निकाल मिळतात, आणि सहा मांडण्यांना ते पुरेसे आहेत.

याला फसवणूक म्हणायचं की नाही, यावर दुमत आहे. मूळ कोड्यात देव प्रत्येक प्रश्नाला “दा” किंवा “जा” म्हणतात असं सांगितलेलं असतं, त्यामुळे गप्प बसणाऱ्या देवाला त्यात जागाच नाही, हा आक्षेप मला पटतो. तुम्ही स्वतः असं कोडं घालणार असाल, तर उत्तर देणं अशक्य झालं तर देव काय करतील, ते आधीच लिहून टाका.